पुरे कोणी म्हणायचे? : रणजी करंडक, १९४८-४९

२०२३ च्या जानेवारीत मुंबईच्या पृथ्वी शॉने आसामविरुद्ध ३७९ धावा काढल्या. त्या दिवशी आमच्या प्राध्यापककक्षात उत्तरपत्रिका बराच वेळ तशाच पडून होत्या. संजय मांजरेकरच्या ३७७ धावा मागे पडल्या, आता पुढे फक्त भाऊसाहेब निंबाळकर, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. कसल्याशा अर्जावर सही घ्यायला आलेल्या एम. ए. च्या विद्यार्थ्याने भाबडेपणाने विचारले, "निंबाळकर कोण, सर?" मग आम्ही तिघाचौघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. पुणे, १९४८, नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी, आणि राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी सामनाच सोडून दिला. विद्यार्थी निघून गेल्यावर आमच्या लक्षात आले, की आम्ही सर्वांनी एकच गोष्ट, एकाच क्रमाने आणि जवळजवळ एकाच शब्दांत सांगितली होती. पुराणकथा अशीच सांगितली जाते. ज्या गोष्टीला पाठभेद उरत नाहीत, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने जरा संशयाने पाहावे, असे आम्ही वर्गात शिकवतो. तोच संशय आपल्या आवडत्या गोष्टीलाही लावून पाहावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९४८-४९ चा रणजी हंगाम पुण्यातील दोन सामन्यांसाठी ओळखला जातो. डिसेंबरमधल्या पहिल्या सामन्याची गोष्ट वर आलीच. दुसरा मार्चमध्ये झालेला मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील उपान्त्य सामना. त्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून अधिक धावा त्यापूर्वी कधी झाल्या नव्हत्या आणि त्यानंतरही झालेल्या नाहीत. हे दोन सामने आठवणीच्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले जातात. एक व्यक्तीचा, एक आकड्यांचा. एकात हळहळ, दुसऱ्यात गंमत. आम्हांला मात्र ते एकाच प्रश्नाची दोन रूपे वाटतात. खेळ कोठे थांबवायचा, आणि 'पुरे' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न.

तो काळही थोडा ध्यानात घ्यायला हवा. रणजी करंडकाचा त्या वेळचा नकाशा संस्थानांच्या रंगांनी भरलेला होता. होळकर, बडोदे, काठेवाड ही संघांची नावे होती आणि राज्यांचीही; आणि त्याच वर्षात ती राज्ये एकेक करून पुसली जात होती. काठेवाडातील संस्थानांचा संघ १९४८ च्या फेब्रुवारीत स्थापन झाला. होळकरांचे इंदूर त्याच वर्षी मध्य भारतात गेले. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, बडोदे १ मे रोजी. क्रिकेटच्या धावफलकावर मात्र ही नावे काही काळ तशीच राहिली, जसे जुन्या दस्तऐवजात मालकाचे नाव मालकी गेल्यावरही राहते. (मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे तीन संघ १९६० नंतरही वेगळे राहिले आणि आजही वेगळेच आहेत, हा याच नकाशाचा एक अवशेष. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ क्रिकेटपर्यंत पोहोचली नाही. असो.)

भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर या नकाशाचे खरे प्रवासी. जन्म कोल्हापूरचा, १२ डिसेंबर १९१९ चा. महाराष्ट्र, बडोदे, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा अनेक संघांकडून ते खेळले. १९४८ च्या डिसेंबरात ते महाराष्ट्राकडे होते आणि वयाची एकोणतीस वर्षे पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्धचा सामना सुरू झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर निंबाळकर आले आणि कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकरांच्या धावा २०५. ही भागीदारी त्या गड्यासाठी जगात सर्वांत मोठी होती आणि १९७४ पर्यंत तशीच राहिली. आमच्या गोष्टीत भांडारकरांना जागा मिळत नाही. दोनशे धावा काढून विसरले जायचे असेल तर समोरच्या टोकाला चारशे काढणारा असावा लागतो.

निंबाळकर ४९४ मिनिटे खेळले, म्हणजे सव्वाआठ तासांना एक मिनिट कमी. त्यांनी ४९ चौकार आणि एक षटकार मारला. हा हिशेब जरा मांडून पाहिला तर सीमापार गेलेल्या फटक्यांच्या धावा २०२ होतात, आणि उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. शिवाय साथीदारांच्या धावांसाठी पळावे लागले ते वेगळेच. धावफलक हा फार काटकसरीचा मजकूर आहे. तो श्रम सांगत नाही, फक्त फळ सांगतो. आमच्या मते २४१ ही संख्या ४४३ पेक्षा अधिक बोलकी आहे, पण ती कोणी लिहीत नाही.

या ४४३ धावांचे आधी कोणकोणते थांबे मागे पडले, हेही पाहण्यासारखे आहे. रणजीतील वैयक्तिक उच्चांकाची त्या दशकातील वाटचाल पाहिली, तर ती मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील एक लांबलेला संवादच वाटतो. १९३९-४० मध्ये विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून खेळताना बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंट यांनी मुंबईकडून नाबाद ३५९ केल्या, आणि त्या महाराष्ट्राविरुद्ध. पाच वर्षांनी निंबाळकरांनी तो उच्चांक परत महाराष्ट्राकडे आणला. तिन्ही वेळा शब्द 'नाबाद'. तेवढ्यावरच ते थांबले नाहीत. बिल पॉन्सफर्डच्या ४३७ धावाही त्यांनी ओलांडल्या. त्या दुपारी प्रथम श्रेणीच्या साऱ्या इतिहासात त्यांच्यापुढे एकच खेळी उरली होती. १९३० च्या जानेवारीत सिडनी येथे न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध डॉन ब्रॅडमनने केलेल्या त्या नाबाद ४५२ धावा.

आणि उपाहाराची वेळ झाली. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब प्रद्युम्नसिंहजी यांनी डाव घोषित करा, नाही तर आम्ही सामना सोडतो, अशी भूमिका घेतली. दोन षटके तरी खेळू द्या, ही विनवणी फळाला आली नाही. काठेवाडचा संघ मैदानावर परतला नाही. विक्रम इतका जवळ आहे हे आपल्याला त्या उपाहाराच्या वेळेपर्यंत ठाऊकच नव्हते, असे निंबाळकर पुढे मुलाखतींतून सांगत. ब्रॅडमनने त्यांच्या खेळीला आपल्या खेळीपेक्षा सरस ठरवणारा संदेश पाठवला, असेही सांगितले जाते.

येथे आपण जरा थांबू या. या गोष्टीत ठाकोरसाहेबांना संवाद आहे, पण मन नाही. ते येतात, एक वाक्य बोलतात आणि निघून जातात. कथेतील खलपुरुष इतका कमी बोलतो तेव्हा ती कथा दुसऱ्या बाजूने ऐकलेली असते, हे उघड आहे. त्यांचे वागणे समजून घेण्याचा एक मोहक मार्ग आमच्यासमोर आहे. दहा महिन्यांपूर्वी ज्याचे राज्य संघराज्यात विलीन झाले, ज्याच्याकडे पदवी उरली पण सत्ता उरली नाही, त्या राजाला अकरा माणसांवर आणि एका मैदानावर हुकूम चालवण्याचा हा शेवटचा प्रसंग होता. म्हणून त्याने तो चालवला. वाक्य छान उतरले आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधात ते आले असते तर आम्ही समासात टीकचिन्ह केले असते आणि खाली लिहिले असते : 'पुरावा?' पुरावा काही नाही. त्यामुळे हे वाचन सोडून देऊ आणि खेळाकडे परत येऊ.

खेळाच्या दृष्टीने पाहता काठेवाड ५८८ धावांनी मागे होते. पहिल्या डावातील आघाडीवर सामन्याचा निकाल लागू शकत असे, आणि ती आघाडी महाराष्ट्राने चारपाचशे धावा आधीच खिशात घातली होती. म्हणजे 'पुरे' म्हणण्याची वेळ येऊन गेली होती, आणि ती म्हणण्याची पाळी काठेवाडची नव्हती, महाराष्ट्राची होती. महाराष्ट्राने ती म्हटली नाही. ती म्हटली असती तर निंबाळकर तीनशेच्या आसपास कोठे तरी नाबाद परतले असते आणि आज प्राध्यापककक्षात कोणी त्यांच्यावर बोलले नसते. सामना संपल्यावर महाराष्ट्र जे खेळत राहिले ते आकड्यासाठी किंवा सवयीपोटी. ज्या अकरा जणांना त्यासाठी उन्हात उभे केले होते त्यांच्यापैकी एकाने शेवटी 'आता बस' म्हटले, तर त्यात अन्याय शोधणे कठीण आहे. न्याय ठाकोरसाहेबांच्या बाजूचाच होता, असे आमचे प्रामाणिक मत आहे. औदार्य नव्हते, हेही तितकेच खरे. दहा धावांसाठी दोन षटके लागली असती, फार तर तीन. खेळात न्यायापेक्षा औदार्य लक्षात राहते, म्हणून ते हरले.

आपल्या भाषेने या प्रसंगात एक गुंता करून ठेवला आहे. इंग्रजीतील 'रेकॉर्ड' या शब्दाचा मूळ अर्थ नोंद. मराठीने त्याच्यासाठी 'विक्रम' हा शब्द घेतला. संस्कृतात विक्रम म्हणजे पाऊल टाकणे, आणि म्हणून पराक्रम. वामनाचे त्रिविक्रम हे नाव त्यातूनच आले. परिणाम असा, की मराठी माणसाला विक्रम हुकला असे म्हणताना पराक्रमच हुकल्यासारखे वाटते. नोंदवहीत नऊ धावा कमी पडल्या याचे दुःख आपण सव्वाआठ तासांच्या शौर्यात काही उणे राहिल्यासारखे करतो. त्याउलट 'नाबाद' हा शब्द किती सरळ आहे पाहा. बाद झाला नाही, एवढेच तो सांगतो. जिंकला की हरला, पूर्ण झाला की अपुरा राहिला, याबद्दल काही बोलत नाही. पुढे १९५९ च्या जानेवारीत कराचीत हनीफ महंमद ४९९ वर धावबाद झाला. फलकावर त्याच्या धावा खऱ्यापेक्षा दोन कमी दिसत होत्या, म्हणून घाई करून तो पळाला. निंबाळकरांना आकडा ठाऊक नव्हता, हनीफला चुकीचा ठाऊक होता. १९९४ मध्ये ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्यावर या यादीत निंबाळकर चौथे झाले, आणि आजही चौथे आहेत. भारतात मात्र पहिलेच.

त्यांना कसोटी सामना कधी मिळाला नाही, ही या गोष्टीची दुसरी हळहळ. ती अधिक खरी आहे, पण तीही नीट तपासायला हवी. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. ४४३ नंतर सहा आठवड्यांच्या आत, २७ जानेवारी १९४९ रोजी, मद्रासला सुरू झालेल्या कसोटीत महाराष्ट्राच्या एका फलंदाजाला पहिल्यांदा संधी मिळाली. ते मधुसूदन रेगे. १५ आणि ० या त्यांच्या धावा, आणि ती त्यांची एकमेव कसोटी ठरली. निंबाळकरांना पुढच्या हंगामात कॉमनवेल्थ संघाविरुद्धच्या एका अनधिकृत कसोटीपलीकडे काही मिळाले नाही. निवड समितीवर आगपाखड करणे सोपे आहे. पण त्या मालिकेत रुसी मोदींनी ५६० आणि हजारे यांनी ५४३ धावा केल्या, हेही लिहायला हवे. मधल्या फळीत जागा नव्हती. चारशे धावा करूनही कसोटी न खेळलेला फलंदाज म्हणून निंबाळकर अनेक दशके एकटेच होते. २०२२ मध्ये इंग्लंडच्या सॅम नॉर्थईस्टने ग्लॅमॉर्गनकडून नाबाद ४१० केल्यावर त्यांना सोबती मिळाला.

त्याच मालिकेतील शेवटची कसोटी ब्रेबॉर्न स्टेडियमवर ४ ते ८ फेब्रुवारीला झाली. जिंकायला ३६१ धावा हव्या असलेल्या भारताने ८ बाद ३५५ पर्यंत मजल मारली आणि पंचांनी खेळ संपल्याचे जाहीर केले. घड्याळात अजून दीड मिनिट शिल्लक होते, षटकातला एक चेंडूही शिल्लक होता. सहा धावा राहिल्या. पुण्यात नऊ, मुंबईत सहा. दोन्ही ठिकाणी खेळणारा तयार होता, आणि 'पुरे' दुसऱ्याच कोणी तरी म्हटले.

आता मार्चकडे येऊ. आमच्या मते या हंगामाचे खरे मोल येथे आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या लढतींना तेव्हा एक जुना डंख होता. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, तो प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. (पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे हे गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर शतके काढत. आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरांनी त्यांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावा.) १९४०-४१ मध्ये महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० असे उत्तर दिले होते. देवधरांच्या त्यात २४६ होत्या. पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. नंतर पारडे मुंबईकडे झुकत गेले. एरवी पश्चिम विभागातच एकमेकांना भेटणारे हे संघ १९४८-४९ मध्ये उपान्त्य फेरीत समोर आले. कोल्हापूर विलीन होऊन चार दिवस झाले होते; ५ मार्च, शनिवार होता.

हा सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. वेळेचे बंधन नव्हते. हे वाक्य आज वाचताना जितके साधे वाटते तितके ते नाही. क्रिकेटमध्ये घड्याळ हा तेविसावा खेळाडू असतो. हरणारा संघ त्याच्या आश्रयाला जातो, जिंकणारा संघ त्याच्याशी झगडतो. तो काढून घेतला की हरणाऱ्याचे तटस्थ राहण्याचे, अनिर्णीताच्या छायेत बसण्याचे सारे मार्ग बंद होतात. त्या काळात असे अमर्याद सामने इतरत्रही झाले. १९३९ मध्ये डर्बनला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका दहा दिवस खेळले, ६९६ धावांचा पाठलाग करणारे इंग्लंड ५ बाद ६५४ वर पोहोचले, आणि परतीच्या बोटीची वेळ झाली म्हणून सामना सोडून द्यावा लागला. तेथे 'पुरे' बोटीने म्हटले.

पुण्यात मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ केल्या. मुंबईकडे २४४ धावांची आघाडी होती. तरीही महाराष्ट्राला लगेच पुन्हा खेळायला लावले नाही. कारण समजणे अवघड नाही. वेळ अमर्याद असताना आपल्या गोलंदाजांना दमवून घाई करायची गरज नव्हती, आणि शेवटच्या डावाचे ओझे प्रतिस्पर्ध्यावर टाकता येत होते. मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ केल्या. मग डाव घोषित केला. या घोषणेवर आम्ही बराच विचार केला आहे. ज्या सामन्याला शेवटची वेळच नाही, त्यात डाव घोषित कशासाठी करायचा? दोन गडी शिल्लक होते, खेळत राहता आले असते. तर्काने याला उत्तर सापडत नाही. कोणी तरी, कोठे तरी, स्वतःहून 'पुरे' म्हणायचे असते, एवढेच उत्तर आहे. आणि ज्याच्याकडे सर्वाधिक आहे त्याने ते म्हणावे, हे सभ्य आहे. डिसेंबरात महाराष्ट्राला जे सुचले नाही ते मार्चमध्ये मुंबईला, उशिरा का होईना, सुचले.

महाराष्ट्रासमोर जिंकण्यासाठी ९५९ धावा होत्या.

हा आकडा अक्षरांत लिहून पाहावा : नऊशे एकोणसाठ. तो मिळणार नव्हता हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होते. अनिर्णीत सुटण्याचा मार्गही नव्हता. मग फलंदाजी कशासाठी करायची? चारदोन बेधडक फटके मारून घरी जाता आले असते, आणि कोणी नाव ठेवले नसते. महाराष्ट्राने ६०४ धावा केल्या. चौथ्या डावात, सहाव्या-सातव्या दिवसाच्या खेळपट्टीवर, मार्चच्या उन्हात, आधी साडेतेराशेहून अधिक धावांचे क्षेत्ररक्षण करून झाल्यावर. या ६०४ चे मोजमाप करायचे तर एक तुलना पुरेशी आहे. प्रथम श्रेणीत आजवरचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग म्हणजे २०१० च्या दुलीप करंडकातील पश्चिम विभागाच्या ७ बाद ५४१ धावा. महाराष्ट्राने त्याहून त्रेसष्ट धावा जास्त केल्या आणि ३५४ धावांनी सामना गमावला. पराभूत संघाने चौथ्या डावात याहून मोठी धावसंख्या कधीच केलेली नाही.

सामन्यात एकूण नऊ शतके झाली. मुंबईकडून माधव मंत्री २००, उदय मर्चंट १४३ आणि १५६, दत्तू फडकर १३१ आणि १६०. महाराष्ट्राकडून मनोहर दातार १४३, एस. डी. देवधर १४६, आणि रेगे १३३ व १००. तीन फलंदाजांनी दोन्ही डावांत शतके केली. त्यांतले रेगे हे महिन्यापूर्वी मद्रासला शून्यावर परतलेले रेगे. या यादीत निंबाळकर नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. महाराष्ट्राच्या १०११ धावा त्यांच्या शतकावाचून झाल्या. लोकांच्या आठवणीत मात्र त्या हंगामाचा महाराष्ट्र म्हणजे निंबाळकर.

आमच्या एका मित्राचा आक्षेप असा, की अशा सामन्यात शौर्य कसले. खेळपट्टी इतकी निर्जीव असेल की कोणीही शंभर करावेत. आक्षेप खोटा नाही. तो सारा काळच धावांच्या अतिवृष्टीचा होता. १९४५-४६ मध्ये होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. पुण्याआधीचा धावांचा उच्चांक १९४४-४५ च्या मुंबई-होळकर अंतिम सामन्याचा होता, २०७८ धावांचा. गोलंदाजाच्या बाजूने या दशकाचा इतिहास लिहिला तर तो करुण रसाचा ग्रंथ होईल, आणि तो कोणी तरी लिहायला हवा. हे सर्व मान्य केले तरी एक गोष्ट उरते. ४ बाद ८२६ धावा करताना महाराष्ट्राला जिंकण्याची खात्री होती. ६०४ करताना हरण्याची खात्री होती. दोन्ही डाव एकाच हंगामातले, एकाच शहरातले, एकाच संघाचे. पहिल्याच्या वेळी ते जे करत होते त्याची गरज नव्हती. दुसऱ्याच्या वेळीही नव्हती. पण त्या वेळी समोरून 'आता बस' म्हणण्याचा हक्क त्यांना होता, सामना सोडून देण्याचाही होता, आणि त्यांनी तो वापरला नाही. ठाकोरसाहेबांशी तुलना करायचीच असेल तर ती निंबाळकरांच्या हुकलेल्या नऊ धावांशी नको. या सहाशे चार धावांशी करावी. मग आपण ठाकोरसाहेबांना जे बोल लावतो त्याला थोडा तरी आधार मिळतो. ते हरत होते आणि निघून गेले. हे हरत होते आणि शेवटच्या डावापर्यंत खेळत राहिले.

अर्थात हेही आमचे वाचन आहे, आणि महाराष्ट्राच्या बाजूचे आहे. पुण्यात शिकलेल्या माणसांकडून दुसरे काय अपेक्षावे!

११ मार्चला, सातव्या दिवशी, सामना संपला. दिवसाला सरासरी ३४० च्या आसपास धावा पडल्या होत्या. अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्याचा ४६८ धावांनी पराभव केला. मुंबईच्या ६२० आणि ३६१, बडोद्याच्या २६८ आणि २४५. विशेष लिहावे असे त्यात फारसे नाही. मुंबईचा तो पाचवा करंडक. पुढे १९५८-५९ पासून त्यांनी सलग पंधरा वर्षे तो सोडला नाही, आणि २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या बेचाळीसवर गेली. महाराष्ट्राची देवधरांच्या काळातील दोनावरच थांबली आहे. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत जाऊन ते परत आले.

अंतिम सामन्यात मुंबईच्या कर्णधाराने २१९ धावा केल्या. त्यांचे नाव खानमहंमद कासमभाई इब्राहिम. आदल्या हंगामात त्यांनी नाबाद २१८, नाबाद ३६, नाबाद २३४, नाबाद ७७ आणि १४४ अशा खेळ्या केल्या होत्या, म्हणजे एकदा बाद होण्यासाठी ७०९ धावा. वेस्ट इंडीजविरुद्धच्या दिल्लीच्या कसोटीत पदार्पण करताना ८५ आणि ४४ धावाही त्यांच्या नावावर आहेत. करंडक जिंकून दिल्यावर लवकरच ते पाकिस्तानात गेले. २००७ मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले. निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात गेले, त्र्याण्णव पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. तो विद्यार्थी परवा पुन्हा अर्ज घेऊन आला होता. त्याला आम्ही या वेळी रेग्यांबद्दल सांगितले.